अ‍ॅश हार्बरच्या चार डब्या

"डॅरिल, ह्या चार डब्या पिवळ्या का आहेत?"

फोनवर मारिसोल होती. हॅलो नाही, कसे आहात नाही. तिची पद्धतच तशी.

डॅरिल कोस्केलाने समोरच्या पडद्याकडे बघितलं. तशी बघायची गरज नव्हती. पडद्यावर मोठं हॉस्पिटल आणि त्याच्या हाताखालचे गावोगावचे दवाखाने होते. टेबलावरच्या प्रत्येक कॉम्प्युटर-डबीला एक ठिपका. सगळा पडदा हिरवागार. फक्त वर, जिथे जमीन निमुळती होत होत लेक सुपीरियरच्या पाण्यात शिरते, तिथे चार पिवळे.

"ते अ‍ॅश हार्बर," तो म्हणाला.

"नाव दिसतंय मला. पिवळ्या का, ते विचारतेय."

"त्यांना सवलत आहे. जुनी. तिकडची लाइन फार हळू आहे. इथून अपडेट पाठवला की अर्ध्यात तुटतो. मग मी महिन्यातून एकदा जातो आणि हाताने करून येतो. पेनड्राइव्हने."

"हाताने?"

"हो."

"जाता कसे? घोड्यावरून?"

डॅरिल हसला. तीही हसली. मारिसोल ट्रुहीयो मागच्या हिवाळ्याच्या तोंडाशी अ‍ॅरिझोनाहून इथे आली, अख्ख्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर सुरक्षेची प्रमुख म्हणून. वय डॅरिलच्या निम्म्याहून थोडं जास्त. तिसऱ्या मजल्यावर हीटर लावलेल्या खोलीत कोट घालून बसायची आणि तरी कुडकुडायची. पण कामाला वाघीण होती. आणि हसणं झालं की लगेच मुद्द्यावर यायची.

"ऐका. शुक्रवारपासून सगळ्या सवलती बंद. जी डबी आपल्याला इथून सांभाळता येत नाही ती नेटवर्कच्या जाळ्यातून बाहेर. वरून मंजुरी घेतलीय मी."

"म्हणजे अ‍ॅश हार्बर बाहेर?"

"लाइन सुधारेपर्यंत कागदावर चालवतील."

"अहो, तिथे सगळी म्हातारी माणसं येतात. कुणाला कुठली गोळी चालत नाही, हे सगळं आत आहे. कागदावर कुठे..."

"मला माहितेय कागदावर काय होतं ते," मारिसोल म्हणाली. आवाज एकदम खाली आला. "आधी जिथे होते ना मी, तिथे झालंय हे. लांबच्या एका छोट्या दवाखान्यातल्या असल्याच एका डबीतून हॅकर आत शिरले. सगळं हॉस्पिटल आंधळं. रुग्णवाहिका दारातून परत पाठवत होतो आम्ही. तपास झाल्यावर कळलं, ती डबी कुणी विसरलं बिसरलं नव्हतं. ती सांभाळणारा आमचा माणूस दर वेळी म्हणत होता, पुढच्या महिन्यात करतो."

डॅरिलने पडद्यावरचे चार पिवळे ठिपके पुन्हा मोजले.

"वाईट नव्हता हो तो," ती म्हणाली. "मी त्याच्या शेजारी जेवायचे. असो. एकदा बघून सांगाल, लाइन खरंच एवढी वाईट आहे का?"

"उद्या जातोच आहे मी. बघतो."

फोन ठेवला आणि तो तसाच बसून राहिला. बघायचं काही नव्हतं. लाइन उत्तम होती. मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात फायबर पडली तिकडे. खांबावरून वायर ओढणाऱ्या माणसाशेजारी उभं राहून डॅरिलने स्वतः वेग तपासला होता, आणि 'लेका, आमच्या हॉस्पिटलला नाही एवढी झकास लाइन' असं त्याला म्हणालाही होता. मग परत येऊन, ह्याच खुर्चीत बसून, सवलत काढून टाकायला त्याने यादी उघडली. चार नावं. समोर चार खुणा. खुणा काढायच्या, झालं.

नाही काढल्या. म्हटलं, एक महिना राहू दे. पुढच्या महिन्यात बघू.

का, ते सांगायचं तर जरा मागे जावं लागेल.

डॅरिल नोकरीला लागला तेव्हा सगळीकडे मोठमोठे कॉम्प्युटर होते. आत पंखा, पंख्यात धूळ, धुळीत नर्सबायकांचे केस. रोज कुठेतरी काहीतरी बिघडायचं. कुणी पत्त्यांचा खेळ उतरवायला जायचं आणि त्याच्याबरोबर व्हायरस घरात घ्यायचं. डॅरिलचे पाय जमिनीला लागत नव्हते. एक्स-रेवाले बोलावतायत, बाळंतीण विभागात बोंब झालीय, स्वयंपाकघरातला प्रिंटर कागद खातोय. गेला की कॉफी. कॉफीबरोबर कुणाच्या तरी सासूची गोष्ट. टेबलाखाली आडवा पडून वायरी चाचपत त्याने अर्ध्या गावाचे संसार ऐकले होते. तोंडाने अबोल, पण ऐकायला पक्का.

मग त्यानेच थिन क्लायंट आणले. कुणी मागितले नव्हते. त्यानेच वाचलं, शिकला, वरच्यांना पटवलं. थिन क्लायंट म्हणजे पुस्तकाएवढी काळी डबी. पंखा नाही, आवाज नाही, आत साठवलेलं काही नाही. सगळं काम तळघरातल्या मोठ्या सर्व्हरवर चालतं, डबी नुसतं चित्र दाखवते. चोरीला गेली तरी चोराच्या हाती काही लागत नाही. बिघडली तर दुसरी लावा, माणूस होता तिथून पुढे कामाला लागतो. आणि सगळ्यात भारी म्हणजे अपडेट असो, कुलूप असो, नवा नियम असो, एका जागी बसून सगळ्यांना एकदम.

सुंदर चाललं. इतकं सुंदर की त्याला कुणी बोलवेना.

आता त्याची खोली तळघरात, कोठाराच्या शेजारी. नव्या नर्सा लिफ्टमध्ये त्याला भेटल्या की विचारायच्या, "चादरी तुम्हीच पाठवता ना?" एकदोनदा त्याने समजावलं. मग नुसतं हो म्हणायला लागला. घरी कुणी नव्हतं. लग्न राहूनच गेलं. आधी वडिलांचं आजारपण, मग आईचं, आणि ते सगळं आटपलं तेव्हा तो पन्नाशीच्या पुढे उभा होता, तीन खोल्यांच्या घरात, एका माणसाचं जेवण कसं करायचं ते न कळता. आठवड्यात असे दिवस जायचे की दुकानात "पिशवी नको" म्हटलेलं सोडलं तर तोंडातून शब्द गेलेला नसायचा.

राहिलं होतं ते अ‍ॅश हार्बर.

*

मंगळवारी सकाळी त्याने दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला. रस्त्यावर बर्फ दाबून दाबून काचेसारखा झालेला. गाडी हळू चालवत तो निघाला.

दवाखाना म्हणजे जुनी शाळा. आत शिरलं की समोर लॉरेन माकीचं टेबल, उजवीकडे बाक, बाकावर आयनो टेर्व्हो. आयनोने जन्मभर लेकवर मासे धरले. आता गुडघे गेले, बोट विकली. मंगळवारी रक्तदाब मोजायला यायचा. तो मोजून झाला तरी उठायचा नाही.

"आले! जावईबापू आले," आयनो ओरडला. "लॉरेन, खुर्ची मांड, पाव काप."

"गप रे म्हाताऱ्या," लॉरेन म्हणाली. "आलास, डॅरिल? दार लाव आधी. अख्ख्या लेकचा वारा आत येतोय."

आलास. बस, एवढंच. लॉरेनला नवरा होता, गॅरी, चांगला धडधाकट, गावातला बर्फ काढायचं काम करणारा. डॅरिलच्या मनात तसलं काही नव्हतं. आपण आलो हे कुणाच्या तरी लक्षात यावं, एवढंच त्याला हवं असायचं.

तिने तिचा वेलचीचा गोड पाव पुढे सरकवला. फिनलंडहून येऊन इकडे वसलेल्या लोकांत घरोघरी होतो तो. दर घरचा वेगळा, आणि दर घरचा सगळ्यात चांगला. कॉफी ओतली. आणि एकदा ती बोलायला लागली की मग लागलीच.

"ऐक. शाळा बंद होणार म्हणतायत पुढच्या वर्षी. चौदा पोरं उरलीत फक्त. आणि त्या टॉमीचं लग्न मोडलं. बायको म्हणे शहरात, डलूथला निघून गेली, कुत्रा घेऊन. कुत्रा त्याचा होता रे! त्याचं दुःख त्याला बायकोपेक्षा जास्त आहे."

"कुत्रा चांगला होता," आयनो म्हणाला.

"आणि चर्चमधलं माशांचं जेवण झालं. तुझी आठवण काढली मी."

"खरंच?" डॅरिलने विचारलं.

"मग! माईक बंद पडला ना. मी म्हटलं, आत्ता डॅरिल हवा होता."

आयनोने खिशातून फोन काढून पुढे केला. "ह्याचं अक्षर मोठं करून दे. मुलगी काहीतरी पाठवते, मला मुंग्या दिसतात."

"मागच्या महिन्यात केलं होतं की मोठं."

"अजून मोठं कर. कमी दिसतं मला, शरम कसली?"

डॅरिलने करून दिलं. आता पडद्यावर एका वेळी तीनच शब्द मावत होते. आयनोने फोन लांब धरला आणि खूश झाला. मग लॉरेनच्या माउसचं चाक साफ झालं. प्रतीक्षाखोलीतल्या टीव्हीचा आवाज आपोआप वाढत होता तो थांबवला. ह्यातलं एकही काम त्याच्या नोकरीत येत नव्हतं. ह्याच कामांसाठी तो गाडी चालवत येत होता.

मग तो उठला. "डब्या बघतो."

"बघ बघ. तपासणीच्या दोन्ही खोल्या रिकाम्या आहेत."

पहिल्या खोलीत त्याने दार ओढून घेतलं. भिंतीवर, पडद्याच्या मागे, डबी. एरवी तो पेनड्राइव्ह लावायचा, नवं सगळं आत उतरवायचा, पंधरावीस मिनिटं वाट बघायचा. चार डब्या म्हणजे निवांत दुपार व्हायची. आज पेनड्राइव्ह बॅगेतच राहिला.

तो खुर्चीत बसला. खोट्याचा हिशोब त्याने रात्री घरी केला होता. मारिसोलला सांगता आलं असतं, हो, लाइन वाईटच आहे. मग शुक्रवारी हे चार पडदे काळे झाले असते. आयनोला कुठल्या गोळीने सूज येते ते लॉरेनला कुणाला तरी फोन करून विचारावं लागलं असतं, आणि उचलणाऱ्याने उचलला तर उचलला. आणि ते नसतं झालं, सवलत अशीच चालू राहिली असती, तरी मधले तीन आठवडे ह्या डब्या उघड्याच होत्या ना. दर महिन्याला. दोन वर्षं. ज्या फटीतून तो स्वतः इथे यायचा, तिच्यातून आणखी कुणीही आलं असतं.

आणि हे काय त्याला मारिसोलने सांगितल्यावर कळलं? छे. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्याने त्याला उभा सोलला असता.

त्याने डबीच्या आतलं पान उघडलं. सर्व्हरचा पत्ता टाकला. डबीने विचारलं, यापुढे सगळं मुख्य केंद्राकडून घ्यायचं का? ह्यानंतर इथे हाताने काही बदलता येणार नाही.

हो.

डबी बंद झाली, चालू झाली. झाली हिरवी. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. फायबरच ती.

दुसरी खोली. मग औषधांच्या खिडकीमागची. तिन्ही झाल्या तेव्हा बाहेर त्याची कॉफी अजून कोमट होती.

"झालं एवढ्यात?" लॉरेन म्हणाली.

"तुझी राहिलीय. जरा ऊठ."

ती उठून त्याच्या मागे उभी राहिली, हात कमरेवर. चष्मा डोक्यावर चढवलेला. त्याने पत्ता टाकला. प्रश्न आला. ह्या वेळी जरा वेळ लागला त्याला. आयनो लांबून फोन वाचत होता, मोठ्याने, तीन तीन शब्द.

हो.

पडदा काळा झाला आणि त्याच्यात लॉरेनचा आणि त्याचा चेहरा दिसला, ती वर, तो खाली. मग चित्र आलं.

"लॉरेन, आता मला यायची गरज नाही."

"म्हणजे?"

"सगळं तिकडूनच होईल. आपोआप. मी नाही आलो तरी चालेल."

"अरे वा!" ती म्हणाली, आणि तिचा चेहरा खरंच उजळला. "बरं झालं बाई. ह्या रस्त्यावरून तुझी ती गाडी. तू येणार त्या दिवशी मला सकाळपासून धाकधूक. गॅरीला सांगते, आधी तो वळणावरचा बर्फ काढ, डॅरिल येणारे. सुटलास रे."

डॅरिलला वाटलं होतं ती 'अरेरे' म्हणेल. मग तो म्हणाला असता, काय करणार, नियम. ती तर आनंदली. तरी तो म्हणाला, "ही लाइन ना, केव्हाचीच चांगली झालीय. मला खरं म्हणजे दोन वर्षांपूर्वीच..."

फोन वाजला. लॉरेनने एक बोट वर केलं, थांब हं, आणि उचलला. औषधाच्या दुकानातून होता. कुणाच्या तरी गोळ्यांचा घोळ. ती चष्मा खाली ओढून पडद्यात घुसली, "हो, दिसतंय मला, सांगते, थांबा," म्हणत भराभर टाइप करायला लागली. डबी कशी पळत होती! डॅरिल बघत राहिला. तेवढ्यात दार उघडून एक बाई आली, खोकणारी पोरगी कडेवर. तिला टेबलापाशी यायचं होतं आणि मध्ये डॅरिलची बॅग होती. त्याने बॅग उचलली. मग बॅग हातात आहेच म्हणून कोट घातला.

लॉरेनने फोनवर हात ठेवला. "निघालास? येत जा रे. असाच. कामाशिवाय."

"येतो की."

"निघाले जावईबापू," आयनो म्हणाला. मान वर केली नाही त्याने. मुलीचा निरोप वाचत होता.

*

गाडीत असतानाच मारिसोलचा फोन. "चारही हिरव्या! कसं काय केलंत?"

"फायबर पडलीय तिकडे."

"कधी?"

"उन्हाळ्यात," डॅरिल म्हणाला. कुठल्या, ते म्हणाला नाही.

"मग कुणी कळवलं कसं नाही आपल्याला? बघा, हे असं असतं. बरं झालं तुम्ही गेलात. थँक्यू, डॅरिल. खरंच."

महिना गेला. बर्फ मऊ पडला, रस्त्याच्या कडेला काळा झाला. मधल्या एका शनिवारी डॅरिल निघाला होता. कामाशिवाय. ती म्हणाली होती ना. चांगला अर्धा रस्ता कापला आणि मग त्याच्या लक्षात आलं, दवाखाना शनिवारी बंद असतो. आणि लॉरेनचं घर कुठे आहे ते आपल्याला माहीत नाही. तिच्या नातवाला शेंगदाणे चालत नाहीत हे माहीत होतं. नवरा झोपेत शिट्टी वाजवतो हे माहीत होतं. घराचा रस्ता माहीत नव्हता. कधी विचारलाच नव्हता. एका पेट्रोल पंपावर गाडी वळवली, वळवलीय तर पेट्रोल भरलं, आणि घरी आला.

मग दर महिन्याचा तो अ‍ॅश हार्बरचा मंगळवार आला.

डॅरिलने सकाळी दाढी केली. सवयीने. तळघरात येऊन बसला. पडदा हिरवा, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. तक्रारींची यादी उघडली. एकही नाही. कॉफी आणली. ती पिऊन झाली. जेवणाची वेळ झाली, गाडीतून आणलेला मटण-बटाट्याचा पॅटिस खाल्ला, हात पुसले. परत यादी. रिकामी.

त्याने अ‍ॅश हार्बर उघडलं. चार नावं. पहिलं नाव लॉरेनच्या टेबलावरच्या डबीचं. नावाशेजारी बटण असतं, 'स्क्रीन बघा'. कुणी अडलं, फोन केला, की हे दाबायचं, म्हणजे त्यांचा पडदा इथे दिसतो आणि सांगता येतं, हे दाबा, ते दाबा. दोन वर्षांत अ‍ॅश हार्बरसाठी कधी लागलं नव्हतं.

चित्र नीट येतंय का बघू, असं तो स्वतःशी म्हणाला. नवीन जोडणी आहे. बघायला पाहिजे.

दाबलं.

छोटं चक्र फिरायला लागलं. आता तिकडे लॉरेनच्या पडद्यावर एक चौकट आली असेल. चौकटीत डॅरिलचं नाव नसतं. 'मदत कक्ष आपला स्क्रीन पाहू इच्छितो', एवढंच. खाली हो, नाही. तो खुर्चीत पुढे सरकला. तिने डोक्यावरचा चष्मा खाली ओढला असेल. बाकावर आयनो असेल. विचारेल, काय झालं गं. आणि ती हो म्हणाली की इथे तिचा पडदा येईल, तिचा बाण इकडून तिकडे फिरताना दिसेल. ती नाही दिसणार. बाण दिसेल. तेवढ्याने भागलं असतं त्याचं. मग फोन करून म्हणता आलं असतं, अगं मीच आहे.

चक्र थांबलं.

नाकारलं.

तो बघत राहिला. मग यादीत टुण्ण वाजलं. नवी तक्रार. लॉरेन माकी, अ‍ॅश हार्बर.

"आत्ता कुणीतरी माझा स्क्रीन बघायला मागत होतं. मी कुणालाही बोलावलेलं नव्हतं. मागच्या आठवड्यात तुम्ही सगळ्यांना जी फिल्म दाखवली तिच्यात सांगितलंय की आपण बोलावलं नसेल तर हो म्हणायचं नाही, मग मदत कक्ष का असेना. म्हणून नाही दाबलं. लबाड लोक असतील तर बघा. आणि हे डॅरिलला कळवा. त्याला समजेल काय ते."

ती फिल्म मारिसोलची होती. बोललेला आवाज डॅरिलचा नव्हता, पण वाक्यं त्याने लिहून दिली होती. बोलावलं नसेल तर हो म्हणू नका. मारिसोल म्हणाली होती, हे वाक्य बेस्ट आहे, हेच शेवटी घेऊ.

तक्रारीला उत्तर द्यावं लागतं. अशा तक्रारीची, उत्तरासकट, एक प्रत आपोआप तिसऱ्या मजल्यावर मारिसोलकडे जाते. डॅरिलने लिहिलं, "ही यंत्रणेची नेहमीची चाचणी होती. काळजीचं कारण नाही." चांगलं वाक्य होतं. कुणी दुसऱ्यांदा वाचलं नसतं. मारिसोलने तर नाहीच.

पाठवायच्या बटणावर बाण नेला.

मग परत आणला. सगळं खोडलं. रिकाम्या चौकटीकडे बघत बसला. लिहायला लागला तेव्हा दोन बोटांनी, हळू, एकेक अक्षर.

"लॉरेन, तू अगदी बरोबर केलंस. पुन्हा असं आलं तर पुन्हा नाहीच दाब. ह्या वेळी विनंती मी केली होती. काम काही नव्हतं."

खाली सहीच्या जागी यंत्रणा स्वतःच 'मदत कक्ष' असं टाकते. ते खोडता येतं हे त्याला माहीत होतं, पण इतक्या वर्षांत कधी खोडलं नव्हतं. आता खोडलं. आणि तिथे लिहिलं, डॅरिल.